सहा दिवसांचे फोटो

त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. एरवी कमरेला लागणारं पीक, पण त्या पावसाळ्यात असं माजलं की पाठीवर पंप घेऊन ओळींमधल्या तासात शिरलेला माणूस दिसेनासा व्हायचा. नुसती नळी वर हलताना दिसायची. वर धरून मारलेलं औषध पानांना लागायच्या आधी मारणाऱ्याच्याच तोंडावर उतरायचं. बोंडअळी मात्र मरायला तयार नव्हती. मग लोकांनी एका औषधात दुसरं मिसळलं, दुसऱ्यात तिसरं. अळीचं काय झालं ते अळीला ठाऊक, पण सप्टेंबर सरता सरता आर्णीच्या दवाखान्यांत खाटा पुरेनात.

बसस्टँडमागच्या एका खाजगी दवाखान्यात शमा योजनेचं टेबल सांभाळायची. पिवळं नाहीतर केशरी रेशनकार्ड असलेल्या माणसाचा खर्च सरकार भरायचं, आणि तो खर्च मागायचे कागद शमा करायची. कार्ड पाहायचं, नाव कंप्युटरमध्ये घालायचं, अंगठा घ्यायचा आणि रोज खाटेपाशी जाऊन रुग्णाचा फोटो काढून वर पाठवायचा. फोटो कशाला, तर माणूस खरोखर खाटेवर आहे हे सरकारला दिसावं म्हणून. नियम करणारा शहाणाच असणार. पण आपल्याहून शहाणी माणसं तालुक्याच्या गावी बसलेली असतात, हे त्याला कोणी सांगितलं नसावं.

असा एक शहाणा म्हणजे दवाखान्याचा मॅनेजर इंद्रजित. त्याने शमाला पहिल्याच महिन्यात सगळी रीत शिकवली होती. तिच्या टेबलाच्या खालच्या खणात चार सदरे असायचे. एक निळा, एक चौकड्यांचा, एक पांढरा आणि एक लाल बनियनसारखा. रुग्ण बरा दिसायला लागला की एकाच सकाळी त्याला चारही सदरे घालायचे आणि चार दिवसांचे फोटो काढून ठेवायचे. मग माणूस घरी जायचा, खाट दुसऱ्याला मिळायची आणि कागदावर तो आणखी तीन दिवस सुखाने झोपून राहायचा. दिवसाचे पैसे दिवसाला मिळतच.

शमाला पहिल्यांदा हे करताना चोरी केल्यासारखं वाटलं होतं. पुढे सवय झाली. तिचे वडील इकबाल आठवडी बाजाराच्या कोपऱ्यावर फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. पण औषधात भिजलेले पंप वर्षानुवर्षं हाताळून त्यांच्या बोटांची कातडी निघाली होती आणि स्क्रू हातात धरवत नव्हता. धाकटी बहीण जिया यवतमाळला नर्सिंग शिकत होती. घर शमाच्या पगारावर चालत होतं. यात कोणाच्या बापाचं काय जातं, असं ती स्वतःला समजवायची. रुग्ण फुकटात बरा होतो, दवाखाना चालतो, आणि सरकारचं म्हणाल तर सरकारला काय कमी आहे?

लालसिंग आला तो सोमवारी. त्याचा धाकटा भाऊ किसनसिंग याने तांड्यावरच्या आणखी एकाला सोबत घेऊन त्याला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणला. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. तोंडातून लाळ गळत होती, धोतर ओलं झालं होतं. पाठीवर पंप टेकतो तिथली कातडी लाल होऊन फुगली होती. मागून ऑटोने त्याची बायको भुरीबाई आली, हातात कार्ड फडक्यात गुंडाळून धरलेलं.

डॉक्टर तोंडाने म्हणाले, "फवारणीचं विष चढलंय." इंद्रजितने कागदावर लिहून घेतलं, ताप आणि फुप्फुसाला सूज. विष लिहिलं की पोलिसांना कळवावं लागतं, पोलीस आले की जबाब, जबाब आले की रात्रंदिवस चकरा. तापाला कोणी विचारत नाही.

त्या दिवशी एकेका खाटेवर दोन दोन माणसं होती. शमाने नर्सशी भांडून लालसिंगला खिडकीजवळची खाट एकट्याला मिळवून दिली. दुपारी आपल्या डब्यातल्या दोन पोळ्या भुरीबाईला दिल्या. भुरीबाईने त्या कपाळाला लावून मग खाल्ल्या. तेव्हापासून ती शमाला बेटी म्हणू लागली.

बुधवारी लालसिंग उठून बसला. चहाचा कप दोन्ही हातांत धरला तरी चहा बशीत सांडत होता, पण तो हसत होता. डॉक्टर फेरीला आले तेव्हा म्हणाले, "अजून दोन-तीन दिवस हलू नका. अंगातलं विष गेलेलं नाही." ते पुढच्या खाटेकडे वळले आणि शमा सदरे घेऊन आली.

"भाऊ, हा निळा सदरा घाला बरं."

"कायले?"

"आजचा फोटो, उद्याचा, परवाचा अन् शनिवारचा. एकदमच काढून घेते."

लालसिंग तिच्याकडे पाहत राहिला. "म्हंजे शनवारी मी कोनता सदरा घालीन, हे तुले आजच मालूम?"

भुरीबाई पदर तोंडाला लावून हसली. शमालाही हसू आलं. लालसिंगने पाळीपाळीने चारही सदरे घातले, बाह्या शिरेतल्या नळीला अडकायच्या तेव्हा भुरीबाई त्या सोडवायची. चौकड्यांच्या सदऱ्यात तर त्याने मान ताठ करून, मिशीवरून हात फिरवून फोटो काढून घेतला. लग्नातसुद्धा एवढे फोटो निघाले नव्हते म्हणाला.

फोटो झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "पंजाबरावाचा निरोप आला. शुक्रवारी फवारनी हाय. नाही गेलो तं दुसरा मानूस लावतो म्हने. जाता येईन का मले?"

पंजाबराव म्हणजे तांड्याखालच्या गावचे मोठे शेतकरी. लालसिंग दर हंगामाला त्यांच्याकडेच पंपावर जायचा. जितके पंप माराल तितकी मजुरी.

"जाता येईल की," शमा म्हणाली. "फोटो झाले ना. आता थांबायची गरज नाही."

"पन डॉक्टर तं नको म्हनून राह्यले ना व," भुरीबाई म्हणाली.

"डॉक्टर सगळ्याइलेच असं म्हणतात, मावशी. गोळ्या घेऊन जा. कागदावर शनिवारपर्यंत इथंच आहेत ते."

ओसरीत तेव्हा चार माणसं फरशीवर पडून ओकत होती. खाट सुटली तर त्यांतल्या एकाला मिळेल, एवढाच विचार शमाच्या मनात होता. आपण भलंच करतोय असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिला कामही आटपायचं होतं.

निघताना तिने भुरीबाईला बाजूला घेतलं. गेल्या महिन्यात योजनेच्या माणसांनी एका म्हाताऱ्याला फोन करून विचारलं होतं, किती दिवस होता? त्याने भोळेपणाने तीन सांगितले आणि इंद्रजितने शमाला सगळ्यांदेखत झापलं होतं.

"मावशी, कोणीही विचारलं तरी सहा दिवस होते म्हणायचं. शपथ घ्या."

भुरीबाईने गळ्याला हात लावला. "सेवाभायाची आन, बेटी. कोनी बी इचारलं तरी सहाच सांगीन."

मग लालसिंग तिच्या खांद्यावर हात टाकून, पायऱ्या मोजल्यासारखा उतरून गेला.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी शमा वडिलांचा डबा घेऊन दुकानात गेली. इकबाल एका पंपाची टाकी उलटी करून पाहत होते. समोर किसनसिंग उकिडवा बसला होता. त्याचं डोकं भादरलेलं पाहून शमा दारातच थांबली.

"हा पंप ठेवून घ्या चाचा," किसनसिंग म्हणत होता. "घरात नाही पाह्यजे मले."

इकबालनी टाकीच्या बुडाशी बोट फिरवून दाखवलं. "वायसर पार गेला याचा. सगळं पाठीवर गळत असन."

"शुक्रवारी बावीस पंप मारले दादानं. सांजच्याला उलटी झाली. शनवारी सकाळी मान धरेना. अशी, लहान पोराची मान पडते तशी पडे. सांजपर्यंत दम लागला. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, पन रविवारी पहाटे गेला."

"कोणत्या शुक्रवारी?" शमाने विचारलं. प्रश्न मूर्खपणाचा होता आणि तिला तो कळतही होता.

"याच. गेल्या."

शमाने डबा ठेवला आणि दुकानाच्या पायरीवर बसली. तिच्या कंप्युटरमध्ये गेल्या शुक्रवारी लालसिंग खिडकीजवळच्या खाटेवर बसला होता, चौकड्यांचा सदरा घालून, मान ताठ करून. शनिवारी दुपारी तो बरा होऊन घरी गेल्याचा कागदही तिनेच केला होता. रोजचा फोटो रोज काढला असता तर त्या माणसाला शनिवारपर्यंत खाटेवर बसणं भागच होतं. सरकारचा तो खुळा नियम लालसिंगला धरून बसला होता, आणि तिने त्याचा हात सोडवला होता. हे तिला तिथेच, उन्हात, लख्ख कळलं आणि रडूही येईना.

किसनसिंग गेल्यावर इकबालनी डबा उघडला. मुलीकडे पाहिलं आणि पुन्हा झाकला.

"क्या हुआ बेटा?"

तिने सगळं सांगितलं. सदऱ्यांचंही. इकबाल सोललेली बोटं चोळत राहिले.

"अब्बा, तुमच्या हातून पंप गळका राहिला तर काय करता?"

"गिऱ्हाइक येते ना परत. नाही आलं तं मी जातो त्याच्या घरी. आपली चूक अन् पाठ त्याची भाजते, असं कसं चालंन?" मग थोडं थांबून म्हणाले, "पन जियाची फी हाय. ते बी हाय. मी तुले काही नाही सांगत."

फवारणीत मेलेल्यांच्या घरच्यांना सरकार मदत देणार होतं. पण मेलेला माणूस फवारणीनेच मेला, हे ठरवायला तहसीलची समिती गावोगाव फिरत होती. लालसिंगच्या चौकशीचा दिवस लागला आणि पंजाबराव मोटारसायकलवर दवाखान्यात येऊन इंद्रजितकडून लालसिंगच्या कागदांची नक्कल घेऊन गेले.

संध्याकाळी इंद्रजितने शमाला बोलावलं. "उद्या ग्रामपंचायतीत जाऊन ये. आपला कागद खरा आहे, एवढंच सांगायचं."

"पण सर, शुक्रवारी तो फवारणीला गेला होता. त्याच्या बायकोचं सगळं त्यावर आहे."

"आपण काय त्याला विष पाजायला गेलो होतो?" इंद्रजित खुर्चीत मागे रेलला. "एक दिवस खोटा निघाला की आधीचे दोनशे रुग्ण तपासतात. दवाखाना बंद पडला तर पुढचा लालसिंग कुठे नेशील? आणि फोटो तुझ्या मोबाईलमधले, सही तुझी. बुडालीस तर एकटी बुडशील."

तो म्हणाला त्यातलं शेवटचं वाक्य तर अगदी बरोबर होतं.

ग्रामपंचायतीच्या खोलीत उकाडा होता. नायब तहसीलदार टेबलामागे, शेजारी लिहून घेणारा कारकून. पंजाबराव खुर्चीवर, किसनसिंग आणि तांड्यावरची माणसं भिंतीला टेकून. भुरीबाई जमिनीवर बसली होती. हातातल्या पांढऱ्या बांगड्या गेल्या होत्या आणि दंडापर्यंत त्यांचे फिक्के पट्टे उमटून राहिले होते. शमाला पाहून तिने मान हलवली, आपलं माणूस आल्यासारखी.

"बाई, तुमचा नवरा आर्णीच्या दवाखान्यात किती दिवस होता?" साहेबांनी विचारलं.

"सहा दिवस."

"म्हणजे सोमवार ते शनिवार?"

"हो."

"मग शुक्रवारी पंजाबरावांच्या शेतात फवारणीला कोण होतं?"

"हेच होते. बावीस पंप मारले."

खोलीत कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "एकच माणूस दवाखान्यात आणि शेतात, दोन्हीकडे कसा?"

"ते मले मालूम नाही, साहेब. सहा दिवस दवाखान्यात होते. अन् शुक्रवारी वावरात होते."

तिच्या मनात काही गोंधळ नव्हता. एक शपथेचं होतं, एक खरं होतं, दोन्ही तिने सांगितलं.

"वयनी, कायले असं सांगून राह्यली?" किसनसिंग कळवळून म्हणाला. "तीनच दिवस होता ना दादा!"

"तू गप राह्य. सहा."

पंजाबरावांनी कागदाची नक्कल पुढे सरकवली. "पाहा साहेब, बाई सोताच सांगते. मानूस शनवारपर्यंत खाटेवर होता, ताप होता त्याले. घरी जाऊन काय पोटात घातलं, कोन जाने. मले गुंतवून राह्यले फुकट."

"बाई, पैशासाठी खोटं बोलू नका," साहेब म्हणाले. फार वाईट बोलले नाहीत, दिवसभर असली प्रकरणं ऐकून थकलेला माणूस बोलतो तसे बोलले. भुरीबाईने मान खाली घातली. फिकटलेल्या दंडावरून तिचा हात उगाच फिरत राहिला. कारकून लिहू लागला.

शमाला इंद्रजितचा चेहरा आठवला, जियाची फी आठवली. पण डोळ्यांसमोरून तो हात काही हलेना.

"साहेब, मी दवाखान्यातून आले आहे," ती उठून म्हणाली. "आमचा कागद खोटा आहे."

तिने मोबाईल टेबलावर ठेवला. बुधवार ते शनिवार, चार फोटो. चार सदरे. "चारही बुधवारी सकाळी काढले. मोबाईलमध्ये वेळ आहे, दहा मिनिटांत चारही. आणि ही सलाईनची बाटली बघा. चार दिवस एवढीच भरलेली. ताप नव्हता, विषच होतं. डॉक्टर तसं म्हणाले होते, मी ऐकलंय."

साहेबांनी चष्मा काढून मोबाईल डोळ्यांजवळ नेला. एक फोटो, दुसरा, पुन्हा पहिला. पंजाबरावांनी नक्कल हळूच ओढून घडी करायला घेतली, तेव्हा साहेब म्हणाले, "राहू द्या ती इथेच."

मग ते भुरीबाईकडे वळले. "बाई, तुमचा जबाब बदलावा लागेल. किती दिवस होता नवरा?"

"सहा."

"अहो, या काय म्हणतात ऐकलं ना?"

"ऐकलं. पन मी आन घेतली हाय." तिने पहिल्यांदा शमाकडे रागाने पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. "तूनंच घ्यायला लावली. अन् आता साऱ्याइच्या समोर मले खोटी पाडतं? मी आन साबूत ठेवली, हे गेल्यावर बी ठेवली. आन मोडली अन् लेकराबाळावर आली तं?"

खोलीतल्या तांड्याच्या माणसांपैकी कोणी हसलं नाही. शपथ कशी असते ते त्यांना ठाऊक होतं.

"मग हिला यातून सुटता येत नाही का?" साहेबांनी विचारलं.

"जिनं घातली तिनं सोडली तं सुटते," किसनसिंग म्हणाला.

शमा भुरीबाईसमोर जमिनीवर बसली. काय म्हणायचं ते तिला नीट माहीत नव्हतं. तिने भुरीबाईचा हात धरला, तो गरम आणि खरखरीत होता.

"मावशी, सुटली. मी घातलेली शपथ सुटली. तुमच्यावर काही नाही. असेल ते माझ्यावर."

भुरीबाईने पदराने नाक पुसलं. मग सांगायला लागली. सोमवारी कसे आणले, मंगळवारी रात्री पाणी कसं मागितलं, बुधवारी सदरे कसे बदलले आणि मिशीवरून हात कसा फिरवला. शुक्रवारी डोक्याला फडकं बांधून गेले ते, सांजेला आल्यावर म्हणाले मले दोन दोन दिसून राह्यलं. सगळं क्रमाने, एकही दिवस न चुकवता. कारकून एवढ्या वेगाने लिहीत होता की त्याची बोटं दुखली असतील.

"डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं ना?" साहेब म्हणाले. "मग बुधवारी गेलात कसे?"

भुरीबाई थबकली. जमिनीकडे पाहत म्हणाली, "जाता येते म्हने. म्हनून आलो."

"कोण म्हणालं?"

"कोनी तरी म्हनलं, साहेब. लय मानसं असतात दवाखान्यात. ध्यानात नाही."

शपथ तर सुटली होती. तिला आता कोणाचं नाव लपवायचं काही कारण नव्हतं. तिचा हात अजून शमाच्या हातात होता आणि तो तिने काढून घेतला नव्हता. शमाला वाटलं, याहून तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"कोणी तरी म्हणालं, असंच लिहू?" कारकुनाने विचारलं.

"नको," शमा म्हणाली. "मी म्हणाले. जाता येईल असं मीच सांगितलं. तसं लिहा."

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. त्याने आधीची ओळ खोडली, पेन झटकलं आणि म्हणाला, "पूर्ण नाव सांगा."

शमाने आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि त्याने ते बरोबर लिहिलं की नाही हे वाकून पाहिलं.